सटवीचं उर्दू नाव

दवाखान्यात पुस्तकं कशाला लागतात, हा प्रश्न मला नोकरीत ज्यांनी विचारला त्यांत डॉक्टर सर्वांत जास्त होते. रोग्यांनी कधी विचारला नाही. बैलगाडीतून आलेला शेतकरी कपाटातल्या जाड पुस्तकांकडे आदराने बघायचा. त्याला वाटायचं, आपल्या दुखण्याचं काहीतरी त्यात लिहिलेलं असणार. त्याचं बरोबर होतं. डॉक्टरांना मात्र वाटायचं, की त्यात जे काही असेल ते आपण परीक्षेच्या वेळी एकदा वाचलेलं आहे आणि माणसाचं शरीर काही त्यानंतर बदललेलं नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी ग्रंथालयातले गोड अनुभव लिहायला सांगितलं आहे. माझ्याकडे गोड फारसं काही नाही. फराळाच्या ताटात एखादं कारलं असलं तर बिघडत नाही, असं समजून लिहितो.

मी मूळचा वसमतकडच्या हट्टा गावचा. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूची, घर मराठीचं, इंग्रजी जेमतेम. एवढ्या तयारीवर मला आमच्या भागातल्या एका सरकारी दवाखान्यात 'कुतुबखान्याचा कारकून' म्हणून नेमलं. कुतुबखाना म्हणजे ग्रंथालय. गावाचं नाव सांगत नाही, कारण जे घडलं त्यात गावाचा काही दोष नव्हता. दवाखान्याला जोडून दोन वर्ग चालायचे. एकात कंपाउंडर तयार व्हायचे, म्हणजे औषधं मोजून-मिसळून देणारे. दुसऱ्यात खेड्यांवरच्या बायकांना सुइणीचं काम शिकवून दाईचं प्रमाणपत्र द्यायचे. या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय असावं असा वरून हुकूम आला होता. हुकूम आला म्हणून खोली आली, खोली आली म्हणून कपाटं आली, आणि कपाटांना कुलूप लावायला कोणीतरी हवं म्हणून मी आलो.

पुस्तकं दोन प्रकारची. काचेच्या कपाटात इंग्रजी, फौजेच्या कुठल्याशा बंद पडलेल्या इस्पितळातून आलेली, वाळवीने आधीच चाळलेली. लाकडी कपाटात उर्दू, हैदराबादेत तरजुमा, म्हणजे भाषांतर, होऊन छापलेली. उर्दू पुस्तकं उत्तम होती, हे आधी सांगून टाकतो. आज त्यांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या एकालाही अलिफ ओळखता येत नाही. अडचण पुस्तकांची नव्हती. वर्गातली माणसं सेनगाव, वसमतकडची, घरात मराठी बोलणारी. आणि पुस्तकातली रोगांची नावं अरबी-फारसीतून आलेली. समजून सांगणारा मधे कुणी नाही. मग विद्यार्थी जे करतात तेच त्यांनी केलं. पाठ केलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ग्रंथपाल म्हणजे पुस्तक देणारा आणि परत घेणारा. कादंबऱ्यांच्या ग्रंथालयात तसं असेल. वैद्यकाच्या ग्रंथालयात माणूस पुस्तक मागायला येत नाही, तो अडचण घेऊन येतो, आणि पुष्कळदा त्या अडचणीचं नावही त्याला ठाऊक नसतं. पोट फुगलंय, डोळे पिवळे झालेत, असं काहीतरी तो सांगतो. ते कोणत्या पुस्तकात, कोणत्या नावाखाली, कोणत्या पानावर आहे ते काढून त्याला समजेल अशा भाषेत पुढ्यात ठेवायचं, एवढं आमचं काम. उपचार आम्ही सांगत नाही. पान दाखवतो. ते बरोबर पान असलं पाहिजे, एवढाच आमचा धर्म.

गिऱ्हाइकं एकेक पाहण्यासारखी होती. सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे आमचे मोठे डॉक्टर. त्यांचं नाव लिहीत नाही. माणूस मराठी, घरी सकाळी श्लोक म्हणणारा. पण हैदराबादेत शिकून आल्यापासून दवाखान्यात मराठी वापरायची ती फक्त हाताखालच्यांना रागवायला. तपासणीला साहेब यायचा त्या दिवशी ते माझ्याकडून एक इंग्रजी ग्रंथ नेऊन टेबलावर उघडा ठेवायचे. दरवर्षी तोच, कारण त्याची बांधणी देखणी होती. तो डोळ्यांच्या शस्त्रक्रियेवरचा होता, आणि आमच्या दवाखान्यात कुणाच्या डोळ्यात बोरिकच्या पाण्यापलीकडे काही गेलं नव्हतं. साहेब त्या पानांकडे बघून मान डोलवायचा. एका वर्षी घाईत पुस्तक उलटं ठेवलं गेलं. मान तेव्हाही डोलली.

एक जमीनदार यायचे, बंद गळ्याचा कोट घालून. त्यांना मर्दानी ताकद वाढवणारं पुस्तक हवं असायचं आणि ते मागताना ते खिडकीबाहेर बघायचे. मी त्यांना पचनाच्या विकारांवरचं द्यायचो. पंधरवड्याने परत आणून ते हळूच म्हणायचे, "फरक आहे."

कंपाउंडरांच्या वर्गातली पोरं औषधांच्या मापांचं एकच पान मागायची, तेही परीक्षा तोंडावर आली की. बाकीच्या पुस्तकाला त्यांनी हात लावला नाही, त्यामुळे त्या पुस्तकात तेवढं एक पान काळं झालं होतं आणि पुस्तक कसंही ठेवलं तरी तिथेच उघडायचं. पुढे त्यांतले कित्येक पाट्या लावून डॉक्टर म्हणून बसले. आमच्या भागातल्या लोकांची प्रकृती मुळात दणकट, म्हणून निभावलं.

दाईवर्गाच्या बायकांना तर ग्रंथालयात यायचीच बंदी होती. लेखी नव्हे. "त्यांना काय वाचायचंय?" असं मोठे डॉक्टर एकदा म्हणाले होते, तेवढं पुरे झालं. वर्ग ते स्वतः घ्यायचे. खुर्चीत बसून उर्दू पुस्तकातलं एक वाक्य म्हणायचे आणि समोर जमिनीवर बसलेल्या बायका ते एका सुरात म्हणायच्या. मला खिडकीतून ऐकू यायचं. पाढे म्हणणाऱ्या मुलाला निदान दोन म्हणजे किती ते ठाऊक असतं.

त्या वर्गात गिरजाबाई होती. कनेरगाव नाक्याजवळच्या खेड्यातली, शेतकरी घरातली, पंचविशीची, नवरा वारलेला. निजामाच्या राज्याची हद्द तिथे संपायची. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका ओलांडला की इंग्रजांचं वऱ्हाड, तिथल्या शाळा मराठीच्या. तिचं माहेर वऱ्हाडातलं, म्हणून तिला मराठी वाचता यायचं. उर्दूचं अक्षर येत नव्हतं. एका दुपारी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"मास्तर, एक इचारू का?"

"विचार की."

"कुजाज म्हंजी काय वो?"

मी म्हटलं, "वर्गात रोज म्हणता ना तुम्ही? मला इथं ऐकू येतं."

"म्हणतो तर. कुजाज का सबब गंदा औजार है. समदं बराबर येतंय मला. पर कुजाज हाय काय, ते कुनी सांगत न्हाई. डाक्टरसायबाला इचारलं तं म्हणले, परीक्षेत तेवढंच इचारतेत."

मी सुइणीच्या कामावरचं उर्दू पुस्तक काढलं, पान लावलं आणि जमेल तसं मराठीत सांगू लागलो. कुजाज म्हणजे धनुर्वात, असं आधी म्हटलं. तिला तोही शब्द माहीत नव्हता. मग लक्षणं वाचली.

"मूल जन्मतं तेव्हा चांगलं असतं. पहिले काही दिवस नीट दूध पितं. मग एकाएकी त्याला स्तन तोंडात धरता येत नाही. जबडा आवळतो. ओठ ताणून चेहरा हसल्यासारखा होतो. मुठी वळतात, अंग लाकडासारखं होतं, पाठीची कमान होते. हात लागला, आवाज झाला, की झटका येतो."

पान उलटताना मी वर बघितलं. तिने दाराची चौकट धरली होती.

"ही सटवी हाय," ती म्हणाली.

"काय?"

"सटवी वो, मास्तर. पाचवी झाल्यावर लेकराला घिऊन जाती ती. माझं पोरगं असंच गेलं. हसून राहिलं व्हतं. सासू म्हणली, सटवी त्याला हसवून राहिली, आता न्हेती."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे मूल जन्मलं की पाचव्या दिवशी सटवाईची पूजा मांडतात. ती येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते, अशी समजूत. त्यानंतरच्या दिवसांत जे मूल आखडून मरतं ते तिने नेलं म्हणायचं. अशी किती मुलं नेली याचा हिशेब कुणी ठेवत नसे. देवीला हिशेब कोण मागणार?

गिरजाबाई उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "पुस्तकात काय लिवलंय, कशानं येती?"

मी वाचलं. मळक्या हत्याराने नाळ कापल्याने. नाळेवर राख, माती, शेण लावल्याने.

"इळ्यानं कापली व्हती," ती म्हणाली. "गवताच्या इळ्यानं. वर शेणाची राख लावली. दुसरं कुठलं नको, आपल्या गाईचंच शेण घ्या, असं मीच म्हणले व्हते." तिने पदराने तोंड पुसलं. "मास्तर, महिना झाला आमी रोज हे म्हणून राहिलो. तं कुनी काहून सांगितलं न्हाई, का ही सटवी हाय?"

दोन शब्द होते, एक पुस्तकातला आणि एक घरातला, आणि दोन्ही जाणणारी माणसं त्या दवाखान्यात पगार घेत होती. मोठे डॉक्टर तर मराठी आईच्या पोटी जन्मले होते. त्यांचीही पाचवी झालीच असणार.

दुसऱ्या दिवसापासून मोठे डॉक्टर जेवून वामकुक्षीला गेले की वर्गातल्या बायका माझ्या खोलीत येऊ लागल्या. मी पुस्तकातलं नाव वाचायचो, लक्षणं सांगायचो, आणि त्या आपापसांत बोलून त्याला गावात काय म्हणतात ते ठरवायच्या. अडलं की मी करीममियाँना बोलवायचो. ते दवाखान्यातले जुने कंपाउंडर, पांढऱ्या दाढीचे. सगळ्या मुलखाला त्यांनी औषध दिलेलं, म्हणून कोण कशाला काय म्हणतं ते त्यांना पाठ. "मास्टर, ये निफासी बुखार बोले तो अपना सुवारोग. लोगाँ बोलते ना, बाळंतिणीकू वारा लग्या करके? वईच." मी प्रत्येक उर्दू नावाशेजारी मराठी नावाची चिठ्ठी खळीने चिकटवली. कुजाजच्या शेजारी ठळक अक्षरात 'सटवी'.

तपासणीच्या आधी मोठे डॉक्टर त्यांचा डोळ्यांचा ग्रंथ न्यायला आले, तेव्हा हे पुस्तक टेबलावर पडलेलं होतं.

"हे काय चिकटवलंय?"

"मराठी नावं, साहेब. वर्गातल्या बायकांना कळावं म्हणून."

त्यांनी एक चिठ्ठी नखाने उचलून बघितली. "सटवी? वैद्यकाच्या ग्रंथात सटवी? उद्या मरीआई घालाल!"

"साहेब, त्या आजाराला इकडं तेच म्हणतात."

"इकडं लोक पुष्कळ काय काय म्हणतात. त्यांना वर काढायला सरकारने आपल्याला बसवलंय. त्यांच्याबरोबर चिखलात लोळायला नव्हे."

असं म्हणून त्यांनी माझ्याकडून सगळ्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने काढवल्या. काही ठिकाणी खालची अक्षरंही गेली. तपासणीच्या साहेबाने पुस्तक हातात घेऊन ते किती स्वच्छ ठेवलंय म्हणून मोठ्या डॉक्टरांचं कौतुक केलं. पुस्तक स्वच्छ असणं हीच ज्यांची ग्रंथालयाची कल्पना, त्यांनी रिकामी कपाटं ठेवावीत. ती सर्वांत स्वच्छ राहतात.

वर्ग संपला. गिरजाबाई प्रमाणपत्र आणि दाईची पेटी घेऊन गावी गेली. पेटीत कात्री, दोरा, कापूस आणि औषधाची बाटली. मला वाटलं, आता त्या गावचं तरी भलं होईल. शिकलेल्या माणसाला असंच वाटतं.

काही महिन्यांनी ती बाजाराच्या दिवशी आली. सरळ आत येऊन बसली.

"कुनी बोलवून न्हाई राहिलं, मास्तर."

गावात जाऊन तिने जे खरं ते सांगितलं होतं: सटवी कुणाला न्हेत न्हाई, मळका इळा न्हेतो. झालं. ही देवीला शिव्या देते, हिचा हात लागलेलं लेकरू जगणार नाही, असं म्हाताऱ्यांनी ठरवून टाकलं. तिच्या सासूनेच आधी. जुनी सुईण पूर्वीसारखी विळा घेऊन फिरत होती. जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर झमकूबाई नावाची बाई बाळंत झाली, तेव्हा गिरजाबाई पेटी घेऊन झोपडीबाहेर उभी राहिली होती. तिला आत घेतलं नाही. आठवड्याने तिथून रडणं ऐकू आलं.

"मी हितं बाहेर, कात्री हातात," ती म्हणाली. "अन् आत राख लावून राहिल्या त्या. मला दिसून राहिलं व्हतं."

मी माझ्या बुद्धीप्रमाणे तिला सांगितलं, की पुन्हा नीट समजावून सांग, हळूहळू ऐकतील.

"किती लेकरं जाईस्तोवर?" ती म्हणाली. मग एकदम विचारलं, "मास्तर, पुस्तकात उकळून घ्या म्हणून लिवलंय. काहून उकळायचं ते सांगितलंच पायजे, असं लिवलंय का?"

"नाही. तसं कसं लिहितील?"

"मंग ऐका." ती पुढे सरकून बसली. "पाचवीला नाळ कापलेला इळा पुजतेत ना? म्या म्हणणार, हा सटवीचा इळा हाय. तिला गवत कापलेला उष्टा इळा चालत न्हाई. येगळा ठिवायचा, उकळून घ्यायचा, दोरा बी उकळायचा, हात साबणानं धुवायचे, मंग तिचं काम. अन् नाळेला काय बी लावायचं न्हाई. तिला कोरडी नाळ लागती."

मी उडालोच. "अगं, पण हे खोटं आहे! सटवीला काय लागतं ते तुला कुणी सांगितलं?"

"तुमीच सांगितलं," ती म्हणाली. "पान काढून."

मी पुष्कळ वाचलेला माणूस. अंधश्रद्धेवर हिरिरीने बोलायचो. तिच्याशी वाद घालायला मी तोंड उघडलं, आणि घालण्यासारखा वाद सापडेना. शेवटी उठून तेच पुस्तक काढलं आणि हत्यार कसं आणि किती वेळ उकळायचं ते तिला पुन्हा वाचून दाखवलं.

झमकूबाईला पुन्हा दिवस गेले तेव्हा तिनेच गिरजाबाईला बोलावून घेतलं. आधीचं लेकरू गेलेलं. सटवीचं मन राखणारी बाई असेल तर बरीच, असा तिचा विचार. विळा उकळला, नाळ कोरडी राहिली, पाचवी थाटात झाली. पाचवीनंतरचे दिवस गेले. मग एका बाजारी झमकूबाई आरशांची काचोळी, हातभर पांढऱ्या बलोया-बांगड्या अशा थाटात गिरजाबाईबरोबर दवाखान्यात आली आणि तिने ते मूल माझ्या वाचायच्या टेबलावर, उघड्या पुस्तकांच्या मधोमध ठेवलं.

"बघ मास्तर," ती म्हणाली. "तोंड उघडतो. दूध पितो."

त्याने जांभई दिली. मी नोकरीत अनेक साहेबांना ग्रंथालय दाखवलं, पण ते बघण्यासारखं होतं असं मला त्या दिवशी वाटलं.

त्यानंतर गिरजाबाईला उसंत मिळाली नाही. आणि अर्थातच बातमी मोठ्या डॉक्टरांपर्यंत गेली: सरकारी प्रमाणपत्राची दाई सटवाईची पूजा मांडते. त्यांनी तिला बोलावून घेतलं. मी शेजारच्या खोलीत होतो, दार उघडं होतं.

"शिकवलं काय आणि करतेस काय? लाज वाटते?"

"साहेब, पोरं मरून न्हाई राहिली आता."

"पोरांचं मी विचारलं नाही. पूजा करतेस की नाही?"

"व्हय. करते."

"पेटी ठेव इथं. प्रमाणपत्रही."

तिने दोन्ही टेबलावर ठेवलं. पेटी उघडून साबण तेवढा काढून घेतला. तो तिचा स्वतःचा होता. आणि निघून गेली.

पुढच्या वार्षिक अहवालात मोठ्या डॉक्टरांनी लिहिलं, की त्यांच्या दाईवर्गामुळे हद्दीलगतच्या गावांत नवजात मुलं दगावण्याचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं घटलं आहे. अहवालाची साफ प्रत मीच काढली. भाषा अतिशय सुंदर होती. वरून शाबासकी आली, बढती आली आणि ते मोठ्या शहरात गेले. तिकडे ते आरोग्यावर व्याख्यानं देत असत असं ऐकलं. ऐकणाऱ्यांची दया येते.

गिरजाबाईने प्रमाणपत्र नसताना आयुष्यभर तेच काम केलं, हद्दीच्या दोन्ही बाजूंना, आणि कुणी सत्कार करायच्या आत ती वारली. एक संकट तरी टळलं.

आता शेवटचा प्रसंग, गिरजाबाई हयात असतानाचा. अठ्ठेचाळीस साल. रझाकारांच्या धास्तीने नाक्याजवळची गावं वऱ्हाडात निघून गेली, वर्ग बंद पडले, दवाखान्यात चिटपाखरू नाही. मग पावसाळ्याच्या अखेरीस हिंदुस्थानची फौज आली आणि राज्य बदललं. गावं परत आली. आणि मग पळायची पाळी दुसऱ्यांवर आली. करीममियाँ एका सकाळी कामावर आले नाहीत. मी घरी गेलो. दार उघडं, आत कुणी नाही, चुलीवर भांडं तसंच. कुठे गेले म्हणून मी गल्लीत विचारलं, बाजारात विचारलं. ज्यांच्या लेकरांना त्यांनी औषधाच्या पुड्या बांधून दिल्या होत्या ती माणसं दुसरीकडे बघू लागली. ते मला पुन्हा भेटले नाहीत.

नवे अधिकारी आले. पांढरेशुभ्र कपडे, तोंडात सतत 'आपलं राज्य'. ग्रंथालयाच्या दारातच त्यांनी विचारलं, "ही सगळी उर्दू?"

"लाकडी कपाटातली उर्दू. काचेच्या कपाटातली इंग्रजी."

"उर्दू सगळी काढा. गाडी पाठवतो. गुलामीची भाषा आता नको."

"साहेब, ही वैद्यकाची पुस्तकं आहेत. मराठीत अशी अजून इथं एकही नाही."

"येतील की! आता मराठीच येणार." ती यायला मी निवृत्त व्हायची वेळ आली.

"आणि इंग्रजी?"

"ती राहू द्या. ते शास्त्र आहे."

म्हणजे जी वाचणारं कुणी नव्हतं ती राहिली आणि जी मी वाचून दाखवू शकत होतो ती निघाली. मोठ्या डॉक्टरांना मराठी शब्द चिखल वाटला, या साहेबाला उर्दू शब्द गुलामी वाटली. पुस्तक काय सांगतंय ते दोघांनीही पाहिलं नव्हतं.

मी कनेरगावकडे निघालेल्या गाडीवानाबरोबर गिरजाबाईला निरोप पाठवला: पुस्तक जातंय, येऊन जा. ती एकटी आली नाही. झमकूबाई आली, तांड्यावरच्या आणखी दोघी, सेनगावकडच्या जुन्या वर्गातल्या काही, आणि चक्क ती जुनी सुईण, काठी टेकत. सगळ्या जमिनीवर बसल्या. मी सुइणीच्या कामाचं पुस्तक पहिल्या पानापासून घेतलं आणि मराठीत वाचायला लागलो. मूल आडवं असेल तर. वार पडली नाही तर. रक्त थांबत नसेल तर. मूल निळं पडून रडत नसेल तर.

त्या मुकाट्याने ऐकणाऱ्या नव्हत्या. "थांब मास्तर," झमकूबाई म्हणायची, "पाय आधी आला तर काय करायचं म्हणला? मागं जा, परत सांग." सेनगावच्या बायकांना एक वाक्य पटेना, त्यावर बराच वेळ भांडण झालं. म्हातारी सुईण म्हणाली, "ह्या पुस्तकवाल्यानं बाळंतिणीला उताणी निजवलीय. आमी उकिडवी बसवतो. लेकरू खाली येतंय का वर?" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, पुढे वाचू का. "वाच की," ती म्हणाली, "पर त्याला म्हणावं, एकदा बाळंतपण बघायला ये." मग जे पटलं ते त्या एकमेकींना म्हणून दाखवायच्या, चुकलं तर दुसरी दुरुस्त करायची, आणि गिरजाबाई म्हणायची, "आता फुडं."

ऊन कलताना शेवटचं पान झालं. त्या उठल्या, पदर झटकले आणि बोलत बोलतच बाहेर पडल्या. फाटकाशी अधिकाऱ्यांची गाडी उभी राहत होती.

"या बायका कशाला आल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"पुस्तक न्यायला."

त्यांचा चेहरा कडक झाला. त्यांनी माझ्यासमोर लाकडी कपाट पूर्ण उघडायला लावलं, यादी मागवली आणि स्वतः एकेका पुस्तकावर बोट ठेवून ताडून पाहिलं. सुइणीच्या कामाचं पुस्तक टेबलावर होतं, तेही उचलून त्यांनी गाडीवानाच्या हातात दिलं. मग त्यांनी यादीवर सही केली आणि माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली.

"सगळी आहेत," ते म्हणाले. "एकही नेलेलं नाही."